हात वर केला की थांबाल ना, डॉक्टर?

जळगावात दातांच्या दवाखान्यांची वानवा नाही. जिल्हापेठ, रिंग रोड, गणेश कॉलनी, कुठूनही निघा, हसऱ्या दातांच्या पाट्या दिसतातच. धुळ्यात देवपुरात तेच, आणि शिवाय त्या शहरात अख्खं दंत महाविद्यालय आहे. तरीही या दोन्ही गावांत एका बाजूने जेवणारी माणसं घरोघरी भेटतात. भरिताबरोबर कळण्याची भाकरी आली की घास गुपचूप डाव्या गालात सारतात, शेवभाजीचा गरम रस्सा दाढेला लागला की डोळे मिटून घेतात, आणि विचारलं तर म्हणतात, 'काही नाही, जरा ठणकतं.' दवाखाना सापडत नाही म्हणून ही माणसं अडलेली नाहीत. त्या खुर्चीत आडवं होऊन आपलं तोंड कुणाच्या हाती द्यायचं, इथे त्यांचं अडतं.

माझ्या ओळखीच्या एका घरात यावरून मोठा वाद झाला. वहिनी जळगावला शिक्षिका आहेत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, धुळ्याला मेडिकल चालवतात. विश्वासाचा डॉक्टर म्हणजे कोण, यावर दोघांची मतं दोन टोकांची. मला दोघांचंही म्हणणं महत्त्वाचं वाटलं, म्हणून ते इथे मांडते आहे. जिथे राहवलं नाही तिथे माझंही घातलं आहे.

भाऊजी : वहिनी, दादा सांगत होता, तुम्ही दिवाळीपासून गोळ्यांवर आहात. माझं मेडिकल आहे म्हणूनच सांगतो, दाढेवर गोळी हा इलाज नाही. रात्री शटर ओढायच्या वेळेला कुणीतरी येतोच, गालावर हात धरून. 'दाढेची गोळी द्या.' आजार विचारला तर सांगत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी नसते. ठणक थांबली की आठ-पंधरा दिवस फिरकत नाही. मग येतो तो गाल सुजवूनच.

वहिनी : मला हे कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी वर्गात मुलांना दात घासायला शिकवते. पण दवाखान्याच्या जिन्यात पाऊल टाकलं की हात गार पडतात. चौथीत होते तेव्हा गावात शिबिर आलं होतं. डॉक्टरांनी सुई टोचली आणि लगेच पकड घातली. मी ओरडले, तर दोन बायांनी माझे हात धरून ठेवले. 'झालं, झालं' म्हणत होते, आणि काहीच झालेलं नव्हतं. आजही लवंगेच्या तेलाचा तो दवाखान्यातला वास आला की पोटात गोळा उठतो.

भाऊजी : त्या दिवशी तुमची दाढ सुन्नच झालेली नव्हती. औषधाला वेळ द्यावा लागतो.

वहिनी : ते मला आज सांगताय. तेव्हा मला एवढंच कळलं की मी ओरडले तरी कुणी थांबत नाही.

इथेच थोडं थांबते. वहिनींचं शेवटचं वाक्य मला या सगळ्या प्रश्नाचं मूळ वाटतं. लोक समजतात, माणूस सुईला भितो, मशीनच्या आवाजाला भितो. भितो हे खरंच. पण बहुतेक घाबरट रुग्णांच्या आठवणी उकरल्या तर तळाशी दुखण्यापेक्षा दुसरंच काही निघतं: आपण 'नको' म्हणालो आणि समोरच्याने ऐकलं नाही. तोंडात हात, कापूस, नळी, बोलता येत नाही, मान मागे, डोळ्यांवर दिवा. अशा वेळी समोरचा थांबेल याची खात्री नसेल तर पदव्यांच्या कितीही चौकटी भिंतीवर टांगलेल्या असोत, त्या रुग्णासाठी तो डॉक्टर भरवशाचा नाही.

भाऊजी : म्हणूनच म्हणतो, धुळ्याला या. साक्री रोडला आपलं एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. तिथे आधी केस पेपर होतो, तपासणी होते, लागला तर एक्स-रे. मग ठरतं कुठे पाठवायचं. दाढ वाचवायची तर एक विभाग, काढायची तर दुसरा, हिरड्यांचा वेगळा, कवळीचा वेगळा. काम विद्यार्थी करतात, पण सरांनी पाहिल्याशिवाय पुढची पायरी होत नाही. खाजगीत एकटा डॉक्टर काय करतो ते पाहणारं कोण असतं? आणि कॉलेजात कुणाला कॅप विकायची घाई नसते. खर्चही कमी.

वहिनी : आणि मी कुणाच्या तरी परीक्षेचा अभ्यास होणार. चार पोरं-पोरी माझ्या तोंडात डोकावणार, एकमेकांना दाखवणार. मोठ्या हॉलमध्ये रांगेने खुर्च्या, शेजारच्या खुर्चीवर कुणी कण्हलं की माझा जीव वर-खाली. शिवाय दर वेळी नवा चेहरा. तुम्हाला चालेल, तुम्ही भीत नाही. मला तोच माणूस पाहिजे. पहिल्यांदा ज्याला माझी भीती सांगितली, त्यालाच दुसऱ्यांदा ती आठवली पाहिजे.

भाऊजी : विद्यार्थ्याला वेळ असतो, वहिनी. खाजगी डॉक्टरकडे बाहेर पाच माणसं बसलेली असतात. विद्यार्थ्याचा तासभर तुमच्यावरच जातो.

वहिनी : तो तासभर तोंड उघडं कुणाला ठेवावं लागतं? आणि एका भेटीत भागत नाही. जळगाव ते धुळे नव्वदच्या वर किलोमीटर, एरंडोल-पारोळा करत एसटीने दोन-अडीच तास. येताना ओठ जड, गाल बधिर. मी तीन वेळा रजा टाकून यायचं?

भाऊजी : बरं, जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दंतविभाग आहे. तिथे दाखवा. मुद्दा एवढाच की जिथे एकावर दुसऱ्याची नजर आहे तिथे जा.

वहिनी : आणि माझ्या शेजारच्या काकू ज्या डॉक्टरीणबाईंकडे जातात त्यांचं काय? काकूंची दाढ त्यांनीच काढली. काकू म्हणतात, 'हात हलका आहे, कळलंसुद्धा नाही.'

भाऊजी : काकूंना काय दिसलं? बाई गोड बोलल्या, हात हलका होता. रूट कॅनॉल करताना दातांच्या मुळातल्या नळ्या टोकापर्यंत साफ झाल्या की नाही, हे काकूंना दिसतं का? ते एक्स-रेत दिसतं. सुरुवातीला एक, मधे एक, शेवटी एक. हत्यारं नीट निर्जंतुक केली होती की नुसती उकळून काढली होती, हे काकूंना कळलं का? गोड बोलणं हे काही शास्त्र नव्हे.

वहिनी : घाबरलेल्या माणसासाठी आहे. तुमच्या तीन एक्स-रेंपर्यंत मी पोचलेच नाही तर त्यांचा मला उपयोग काय?

या टप्प्याला मला दोघांपैकी एकाची बाजू घ्यावीशी वाटत नव्हती. पण भाऊजींनी सांगितलेल्या एका गोष्टीकडे प्रत्येक रुग्णाने, भित्र्या किंवा धीट, स्वतः डोळे उघडे ठेवून पाहावं. हत्यारं नुसती उकळून भागत नाही. उकळत्या पाण्यात काही जंतूंची बीजं टिकून राहतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटं ठेवावी लागतात, किंवा 134 अंशाला थोडी मिनिटं. कावीळ 'ब'चा विषाणू रक्ताच्या अगदी सूक्ष्म थेंबातूनही जातो, म्हणून यात सूट नाही. ओळखायचं कसं? हत्यारं कागद-प्लास्टिकच्या बंद पाकिटात येतात. पाकिटावर एक छोटी खूण असते, ती वाफेत रंग बदलते. ते पाकीट तुमच्यासमोर फाडलं जातं का, एवढं पाहायचं. आधीच उघड्या ट्रेमध्ये मांडून ठेवलेली हत्यारं दिसली तर विचारायचं. नीट काम करणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न टोचत नाही. तो उलट पाकीट हातात देऊन दाखवतो.

पाटीबद्दलही थोडं. आपल्याकडे कायद्यानुसार दंतवैद्याची नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे असावी लागते. आपली परिषद मुंबईला आहे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असावा, अशी व्यवसायाची आचारसंहिता सांगते. बीडीएस म्हणजे शेवटच्या वर्षीच्या कामासह पाच वर्षांचा अभ्यास, एमडीएस म्हणजे त्यापुढे एका शाखेचा तीन वर्षांचा. खान्देशातल्या बऱ्याच दवाखान्यांत आणखी एक रीत असते. दवाखाना एका डॉक्टरांचा, पण रूट कॅनॉलला किंवा अक्कलदाढ काढायला ठरावीक वारी दुसरे तज्ज्ञ येतात. यात गैर काही नाही, बऱ्याचदा ते रुग्णाच्या भल्याचंच असतं. पण भित्र्या रुग्णाने आधीच विचारावं, 'सुई कोण देणार? काम कोण करणार?' ज्या डॉक्टरीणबाईंकडे आपण मन मोकळं केलं त्या बाजूला उभ्या, आणि हातात मशीन घेऊन अनोळखी माणूस, असं ऐन वेळी व्हायला नको.

वहिनी : भाऊजी, आईंचंच आठवा ना. त्या गेल्या का कधी डॉक्टरकडे?

भाऊजी : नाही. आई साक्रीकडची. आयुष्यभर मिश्री लावली. दात दुखला की गावात एक बाई यायची, भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने धुरी द्यायची आणि ताटलीत पांढरं काहीतरी दाखवून म्हणायची, 'ही बघ, कीड पडली.' आम्ही शहरात आलो, मी मेडिकल टाकलं, तरी आईचं एकच. 'माले भ्याव वाटस.' साठीच्या आत तोंडात एक दात उरला नाही. शेवटी शेवटी भाकरी दुधात कुस्करून खायची.

वहिनी : तुम्ही त्यांना काय म्हणायचात?

भाऊजी : म्हणायचो, 'एवढं काय घाबरायचं त्यात.'

वहिनी : बघा. तुम्ही दवाखान्याची माहिती दिलीत. भीतीचं काय करायचं ते नाही सांगितलंत.

भाऊजी काही बोलले नाहीत. दातात किडा असतो ही समजूत जगभर होती. फ्रान्समध्ये पिएर फोशार यांनी 1728 साली आपल्या ग्रंथात ती खोडून काढली, तरी आमच्या आठवडे बाजारांतून ती परवापरवापर्यंत नांदत होती. जंतू तोंडातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात पोखरतो; धुरीने तिथे काहीही होत नाही. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, दात साफ करून घेतले की खिळखिळे होतात, या दोन समजुती आजही कानावर येतात, आणि दोन्ही खोट्या आहेत. हिरड्यांलगत दातांवर जमलेलं किटण काढलं की दात मोकळे वाटतात, कारण हाड आधीच झिजलेलं असतं आणि त्या किटणानेच ते झिजवलेलं असतं. आणि मिश्री, तंबाखू, गुटख्याचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे, तरी तोंड पुरतं न उघडणारी तरुण मुलं आपल्या जिल्ह्यांत दिसतात. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तो दाखवायलाच हवा. तिथे भीतीला मान देऊन वाट पाहणं परवडणारं नाही.

भाऊजी : ठीक आहे. मग भीतीचं काय करायचं, तुम्हीच सांगा. मला शास्त्र कळतं, पण ती खुर्ची मी तुमच्या जागी बसून पाहिलेली नाही.

वहिनी : पहिल्यांदा, मला कुणी 'काही होत नाही' म्हणू नये. होतं. किती होईल, किती वेळ होईल, ते सांगा.

भाऊजी : म्हणजे 'आता टोचणार, दहा सेकंद चिमटा काढल्यासारखं वाटेल' असं?

वहिनी : हो. आणि मग दहाच सेकंद असावं. लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर आधी सांगतात, मग हत्यार हातात देऊन दाखवतात, मग वापरतात. माझ्यासाठी असं का करू नये? मी पन्नाशीला आले म्हणून?

ही पद्धत जुनी आहे आणि ती फक्त मुलांची नाही. सांगा, दाखवा, मग करा. अमेरिकेत अॅडेल्स्टन यांनी 1959 मध्ये ती मांडली. भीती मोजायचीही रीत आहे. नॉर्मन कोरा यांनी 1969 मध्ये चार प्रश्न तयार केले. 1995 मध्ये हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात सुईचा पाचवा घातला. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं आहे, तर कसं वाटतं? बाहेर बसून नंबरची वाट पाहताना? दात कोरणार असतील तर? साफ करणार असतील तर? हिरडीत सुई देणार असतील तर? प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 19 किंवा वर गेली तर भीती फार मोठी समजतात. वहिनींना हे प्रश्न विचारले तर त्यांची बेरीज 22 आली. भाऊजींना आकडा दिसल्यावर त्यांचा सूर बदलला, हे मी पाहिलं. 'घाबरट' म्हणून जे उडवून लावलं जात होतं, त्याला बीपीसारखा आकडा मिळाला.

भाऊजी : 22 म्हणजे बरंच आहे. हा कागद डॉक्टरांना दाखवायला पाहिजे, वहिनी. कारण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. सुन्न करायच्या औषधात बहुतेक वेळा अॅड्रेनॅलिन असतं, रक्त कमी यावं आणि औषध जास्त वेळ टिकावं म्हणून. ते दिलं की दोन-चार मिनिटं छाती धडधडू शकते. घाबरलेल्या माणसाला वाटतं, मला काहीतरी होतंय. आधी सांगितलेलं असलं तर तो शांत पडून राहतो.

वहिनी : मला कधीच कुणी सांगितलं नाही.

भाऊजी : आणि उपाशी जाऊ नका. लोक भीतीपोटी न जेवता जातात, मग खुर्चीत चक्कर येते आणि म्हणतात, इंजेक्शन बाधलं. तुमची शुगरची गोळी चालू आहे. नाश्ता करून, गोळी घेऊन, सकाळची वेळ मागा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्याने ती आपल्या मनाने बंद करायची नाही. ज्याने लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारायचं.

वहिनी : आणि सुन्न झालंच नाही तर? शिबिरात झालं नव्हतं तसं?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भीती आणि दुखणं एकमेकांना कसं वाढवतात ते इथे दिसतं. लिग्नोकेन हे औषध स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी 1943 च्या सुमारास तयार केलं. आज बहुतेक दवाखान्यांत तेच वापरतात, आणि निरोगी जागी ते छान काम करतं. खालच्या दाढेसाठी सुई जबड्याच्या मागच्या बाजूला, मज्जातंतू जिथून हाडात शिरतो तिथे द्यावी लागते. मग काही मिनिटं थांबावं लागतं. खालचा ओठ अर्ध्या बाजूने जाड झाल्यासारखा वाटायला लागला की औषध पोचलं असं समजायचं, आणि तरीही डॉक्टरांनी टोकदार हत्याराने हिरडीला टोचून विचारायचं. पण दाढेच्या मुळाशी पू झाला असेल तर त्या जागेचं आम्ल वाढतं, आणि आम्लात हे औषध मज्जातंतूच्या आत नीट शिरू शकत नाही. सुजलेली नस आधीच चिडलेली असते ती वेगळी. म्हणजे भीतीने दिवाळीपासून होळीपर्यंत टाळलेली दाढ नेमकी तीच असते, जी सुन्न करायला अवघड. जो उपचार सिमेंट भरून भागला असता तो रूट कॅनॉलवर जातो, आणि रूट कॅनॉलचा तो पहिला दिवस खरोखर दुखरा जाऊ शकतो. मग माणूस म्हणतो, बघा, मला वाटलंच होतं.

चांगला डॉक्टर अशा वेळी काय करतो? दाढ सुन्न झाली नसेल तर थांबतो. दुसऱ्या जागी, दातालगत औषध देतो. पुवाला वाट करून देतो, गरज असेल तर औषधं देऊन दोन-चार दिवसांनी बोलावतो. हात धरून ठेवायला बायांना हाक मारत नाही.

वहिनी : मग माझी एकच अट. मी डावा हात वर केला की थांबायचं. का, कशाला, अजून दोनच मिनिटं, असं काही नाही. थांबायचं. आणि पहिल्यांदा मी खोटा हात वर करून बघणार.

भाऊजी : (हसून) परीक्षा घेणार डॉक्टरांची?

वहिनी : घेणार. त्यांनी हातातलं बाजूला ठेवून 'बोला' म्हटलं तर मी पुढे तोंड उघडेन. नाही थांबले तर बिल भरून उठेन.

भाऊजी : हे मात्र मला पटलं. कॉलेजातला विद्यार्थी असो की रिंग रोडवरचा डॉक्टर, ही परीक्षा दोघांनाही लागू पडते. पण माझंही एक ऐका. पहिल्या दिवशी काम करून घेऊ नका. 'आज फक्त दाखवायचं आहे' असं फोनवरच सांगा. एक्स-रे काढा, दाढ कुठली, काय झालंय, पर्याय कोणते, खर्च किती, हे लिहून घ्या. एक्स-रे मोबाइलवर घेऊन बाहेर या.

वहिनी : आणि ते म्हणाले, 'एकीचं काय, सहा दातांचं करायला लागेल' तर?

भाऊजी : तर बाहेर या, आणि तोच एक्स-रे धुळ्याला कॉलेजात दाखवा. तिथे उपचार करून घ्यायचा नसला तरी दुसरं मत घेता येतं. सहापैकी चार खरोखर किडलेले असतील, तेही असू शकतं. आपण इतक्या वर्षांनी तोंड उघडल्यावर एकच निघेल अशी अपेक्षा कशी धरायची?

इथे भाऊजींच्या बाजूने मला एक न्यायनिवाडा आठवतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केलं, की तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे. ते प्रकरण शस्त्रक्रियेचं होतं, दातांचं नव्हतं. पण 'बघू द्या' म्हणून खुर्चीत बसलेल्या माणसाची दाढ त्याला न विचारता कोरायला घेऊ नये, हे त्याच तत्त्वातून येतं. आणि 1995 पासून डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते. हे मी भांडणासाठी सांगत नाही. 'मला विचार करायला दोन दिवस द्या' असं म्हणण्याचा आपला हक्क आहे, हे ठाऊक असलं की ते म्हणताना आवाज कापत नाही.

दरांबद्दल फार लिहीत नाही. दोन दवाखान्यांतले आकडे वेगळे असतात, कारण दाढेत नळ्या किती, आधी कुणी अर्धवट काम केलं आहे का, वर बसवायची कॅप धातूची, सिरॅमिकची की झिरकोनियाची, यावर खर्च बदलतो. सगळ्यात स्वस्त डॉक्टर सगळ्यात वाईट नसतो आणि सगळ्यात महाग सगळ्यात चांगला नसतो. जो फरक समजावून सांगतो त्याच्याकडे जावं.

वहिनी : मी ठरवलं. आधी काकूंच्या डॉक्टरीणबाईंना फोन करते. पण काकूंसाठी नाही. हत्यारांचं पाकीट समोर फाडतात का ते बघेन, चिठ्ठीवर नोंदणीचा नंबर बघेन, आणि माझे 22 त्यांच्या टेबलावर ठेवेन.

भाऊजी : आणि पहिल्यांदा नुसती सफाई करून घ्या. सुई नको, मशीनने दाढ कोरणं नको. त्या बाई थांबतात का ते सफाईतच कळेल. मग दाढ.

वहिनी : दाढ दुखते आहे, भाऊजी. सफाईला थांबू?

भाऊजी : तुमचं खरं. दुखत असेल तर आधी दाढच बघू द्या. सफाईपासून सुरुवात ज्यांची दुखत नाही त्यांनी करावी.

यापुढे वाद संपला असं नाही. भाऊजी अजूनही म्हणतात की एका डॉक्टरच्या हातावर विसंबणं धोक्याचं. वहिनी म्हणतात, जिथे कुणाला माझा चेहरा आठवत नाही तिथे माझं धैर्य होत नाही. माझं मत वहिनींकडे झुकतं, आणि त्याला कारण आहे. भाऊजींनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी तपासता येतात, पण त्या तपासण्याइतकं शांत डोकं घाबरलेल्या माणसाकडे खुर्चीत शिल्लक नसतं. थांबणारा डॉक्टर मिळाला तरच त्याला पाकीट, नंबर, एक्स-रे विचारायचं सुचतं. म्हणून तो आधी, बाकीचं नंतर. मात्र जिथे बाकीचं नाहीच, तिथे नुसता गोड शब्द पुरेसा मानू नये.

वाचकांपैकी ज्यांना हे आपलंच वाटतंय त्यांना एवढीच विनंती: दाढ दुखत नसताना जा. ठणक उठल्यावर निवड करता येत नाही, जो उघडा दिसेल तो दवाखाना गाठावा लागतो. जाताना सोबत कुणीतरी न्या, आणि काउंटरवर पहिलं वाक्य 'मला भीती वाटते' हेच म्हणा. त्यावर आतून काय उत्तर येतं, त्यावर पुढचं ठरवा.

आणि जळगाव-धुळ्याच्या दंतवैद्यांना, महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांनाही, हात जोडून सांगणं आहे. तुमच्या केस पेपरवर मधुमेह, रक्तदाब, अॅलर्जी, गरोदरपण, चालू औषधं असे रकाने असतात. त्याच ओळीत एक रकाना वाढवा: 'दातांच्या उपचाराची भीती वाटते का? किती?' छपाईला फारसा खर्च येणार नाही. आणि रुग्ण खुर्चीत टेकला की कामाला लागण्याआधी स्वतःहून सांगा, 'हात वर करा, मी थांबेन.' मग थांबा.